सम्यक् आजीविका आणि काळा कोट

बारावीचा निकाल लागला की आपल्या समाजातील घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलगा हुशार असेल तर अभियंता, त्याहून हुशार असेल तर डॉक्टर, आणि जिद्दी असेल तर स्पर्धा परीक्षा. या यादीत वकिली बहुधा नसते. असलीच तर शेवटी, ‘काहीच जमले नाही तर’ या शेऱ्यासह. खोट्याचे खरे करणारा धंदा, तारखांवर तारखा, प्रारंभीची उपासमार, ही या व्यवसायाची प्रतिमा पालकांच्या मनात घट्ट रुजली आहे. धम्माचे संस्कार असलेल्या घरात तर आणखी एक प्रश्न विचारला जातो. अष्टांगिक मार्गात सम्यक् आजीविका सांगितली आहे, सम्यक् वाचा सांगितली आहे. मग शब्दांवर आणि भांडणांवर पोट भरणारी वकिली त्यात बसते कशी?

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे शोधले पाहिजे. माझे मत असे की मानवी हक्कांसाठी आणि धर्मस्वातंत्र्यासाठी केलेली वकिली ही सम्यक् आजीविकेचे आजच्या काळातील एक श्रेष्ठ रूप आहे. आपल्यासारख्या निवासी विद्यालयांनी तिच्याकडे मुलांना जाणीवपूर्वक वळवले नाही, तर संविधानाने दिलेले पुष्कळसे कागदावरच राहील, असेही मला वाटते.

बुद्धाच्या संघाला कायद्याचे वावडे नव्हते. संघाचा सारा व्यवहार विनयाच्या नियमांनी बांधलेला होता. वाद कसा मिटवावा याच्या ज्या रीती विनयात सांगितल्या आहेत, त्यांतील पहिली सम्मुखविनय ही आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या समक्षच तिचा निर्णय व्हावा, पाठीमागे नव्हे. आजची न्यायालये नैसर्गिक न्याय म्हणून जे तत्त्व सांगतात, त्याचा गाभा हाच आहे. आणि या विनयाचा सर्वांत मोठा जाणकार कोण होता? शाक्यांच्या घरचा न्हावी असलेला उपाली. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली, तेव्हा विनय सांगण्याचा मान त्यालाच मिळाला. ज्याला गावाने पायरीबाहेर ठेवले असते, तो संघाच्या कायद्याचा अधिकारी झाला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भिक्खू संघातील आसनव्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतदान यांच्या नियमांचा उल्लेख आवर्जून केला होता. एकदा निकाली निघालेला प्रश्न पुन्हा उकरता येत नाही, हा नियमही संघात होता हे त्यांनी सांगितले. त्या भाषणातला शेवटच्या टप्प्यावरचा वकील आणि पुढे धम्माकडे गेलेला उपासक हे दोघे वेगळे नव्हते.

आपण बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो, बोधिसत्त्व म्हणून वंदन करतो. परंतु पक्षकाराचे कागद चाळत बसलेला वकील म्हणून त्यांची आठवण क्वचितच काढतो. ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाल्यावर १९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. सनद काढण्यापुरतेही पैसे हाती नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली. अस्पृश्य बॅरिस्टरकडे मोठे खटले येणार नव्हतेच. उत्पन्नाला जोड म्हणून त्यांनी एका लेखाशास्त्र संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. पुढे शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक आणि १९३५ मध्ये प्राचार्यही झाले. परळच्या दामोदर हॉलमधील कार्यालयात मात्र गिरणीकामगार, गावकुसाबाहेरचे गरीब आणि सर्व जातींचे पीडित येत राहिले.

त्यांनी कोणते खटले घेतले हेही पाहण्यासारखे आहे. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आदींना शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या बाजूने अपील चालवून बाबासाहेबांनी त्यांना सोडवले. १९३४ मध्ये संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण यांवर लिहिणाऱ्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचा बचावही बाबासाहेबांनी केला. पहिला खटला जिंकला, दुसरा हरला. जवळकर-जेधे ब्राह्मणेतर चळवळीतले, कर्वे जन्माने ब्राह्मण. ज्याच्या तोंडावर समाज हात ठेवतो त्याच्या बाजूने उभे राहायचे, मग तो कोणत्याही जातीचा असो, हा त्यांच्या वकिलीचा नियम होता.

या कारकिर्दीतला सर्वांत बोलका खटला मात्र असा आहे की ज्यात ते स्वतःच प्रतिवादी होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले, हे आपल्या विद्यालयातील पाचवीचा विद्यार्थीही सांगेल. पुढची दहा वर्षे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतात. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह होणार हे कळताच महाडच्या काही स्पृश्य हिंदूंनी बाबासाहेब आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांविरुद्ध १२ डिसेंबर १९२७ रोजी दावा दाखल केला. हे तळे खासगी आहे, निदान स्पृश्यांनीच ते वापरावे अशी पुरातन वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला. २५ डिसेंबरला परिषदेसाठी हजारो माणसे पायपीट करून आली. गावातील हिंदूंनी जागा दिली नव्हती. फत्तेखान या मुसलमान गृहस्थाच्या जमिनीवर मंडप उभा राहिला. मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचे काय करायचे यावर मोठी चर्चा झाली. कित्येक जण तुरुंगात जायला तयार होते. अखेर न्यायालयाचा हुकूम मानायचे ठरले. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परतली. पाण्याला कोणी हात लावला नाही.

त्या क्षणी हा निर्णय किती कडू वाटला असेल! पण त्यामागे वकिलाची दृष्टी होती. सरकारशी आणि न्यायालयाशी एकाच वेळी भांडण ओढवून घ्यायचे नाही. दाव्याला दाव्याने, पुराव्याला पुराव्याने उत्तर द्यायचे. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाई हुकूम उठला. ८ जून १९३१ रोजी मूळ दावा फेटाळला गेला. १९३३ मध्ये वादींचे पहिले अपील फेटाळले गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा शब्द उच्चारला. एका ओंजळीसाठी जवळजवळ दहा वर्षे! ओंजळीचा फोटो आपण भिंतीवर लावतो. दहा वर्षांच्या तारखा, नकला, कैफियती आणि साक्षी यांचा फोटो निघत नाही.

त्या निकालाचा आधार काय होता, हे तर अधिक लक्षात घेण्याजोगे आहे. अस्पृश्यता अन्यायकारक आहे म्हणून न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला नाही. वादींना तळ्याची खासगी मालकी सिद्ध करता आली नाही आणि स्पृश्यांच्या एकट्याच्या वापराची वहिवाट अनादिकालापासून आहे हेही सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. म्हणजे वहिवाट पुरेशी जुनी असल्याचा पुरावा मिळाला असता, तर ब्रिटिश न्यायालय कदाचित ती राखूनही देते. माणूस म्हणून पाणी पिण्याचा हक्क त्या निकालात कोठेच नव्हता. या विजयातली ही पोकळी बाबासाहेबांइतकी दुसऱ्या कोणाला दिसली असेल असे वाटत नाही. म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, अनुच्छेद १५ ने विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते सर्वांना खुले केले आणि अनुच्छेद ३२ ने हक्कभंग झाल्यास थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावण्याची सोय केली. ज्या अनुच्छेदाला त्यांनी संविधानाचा आत्मा म्हटले, तो हाच ३२ वा. हक्क लिहून ठेवणे पुरेसे नाही, तो मागायची वाट हवी, हे चवदार तळ्याच्या खटल्याने शिकवले होते.

आता धर्मस्वातंत्र्याकडे वळू. अनुच्छेद २५ प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे आणि धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे घडले, ते या स्वातंत्र्याचा जगातील एक सर्वांत मोठा शांततामय वापर होता. पण त्या दिवसाच्या दुसऱ्या बाजूची कहाणी न्यायालयात लिहिली गेली.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू धर्म न मानणाऱ्या व्यक्तीला अनुसूचित जातीचे मानले जात नव्हते. १९५६ मध्ये त्यात शिखांची भर पडली. बौद्ध त्यात नव्हते. या आदेशाचा अर्थ लावताना दोन निकाल झाले आणि दोन्ही आपल्या विदर्भातून निघाले. पहिला भंडाऱ्याचा. महानुभाव पंथ स्वीकारलेल्या एका महार उमेदवाराचा अर्ज फेटाळला गेला होता. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पंथ बदलला तरी त्या व्यक्तीने स्वतःला महारच मानले आणि जातीनेही तिला आपले मानले, म्हणून ती महारच राहिली. याच निकालानंतर भंडाऱ्यात पोटनिवडणूक झाली आणि तीत राखीव जागेवर उभे राहिलेल्या बाबासाहेबांचा पराभव झाला. दुसरा निकाल नागपूरचा. १९६२ मध्ये विधानसभेच्या राखीव जागेवरून निवडून आलेले डॉ. मेश्राम यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, म्हणून ते अनुसूचित जातीचे नाहीत, असा आक्षेप घेण्यात आला. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आदेशातील धर्म मानणे याचा अर्थ उघडपणे जाहीर करणे वा आचरणे असा आहे. आपण हिंदू राहिलो नाही असे जो उघड सांगतो, त्याला त्या आदेशाचा लाभ मिळणार नाही.

या निकालातली विसंगती कोणाच्याही काळजाला लागावी अशी आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आपली दीक्षा खरी मानली, उघड आणि पूर्ण मानली; आणि नेमकी त्याच कारणाने जागा गेली. ज्याने मनातून धर्म बदलला पण तोंडाने सांगितले नाही, त्याचे काही गेले नाही. ज्याने छाती पुढे करून बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्याने किंमत मोजली. कित्येक घरांत मग दोन कागद निर्माण झाले. भिंतीवर बुद्धाची प्रतिमा, आणि शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’. लेकराला शिष्यवृत्ती मिळावी, वसतिगृहात जागा मिळावी म्हणून बापाने तो शब्द गिळला. त्या बापाला दोष देणारा मी कोण? दोष त्या व्यवस्थेचा होता, जिने माणसाला त्याची श्रद्धा आणि त्याच्या लेकराची भाकरी यांत निवड करायला लावली.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये राज्यपातळीवर बौद्धांना सवलती मिळाल्या. केंद्रात हा अन्याय दूर व्हायला १९९० उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द घातला गेला. १९५६ ते १९९०, म्हणजे एका पिढीचे संपूर्ण शिक्षण आणि नोकरीचे वय. तीन शब्दांच्या जागी चार शब्द यायला चौतीस वर्षे लागतात, हे ज्याला उमगले, त्याला कायदा ही कोरडी गोष्ट वाटणार नाही.

प्रश्न संपलेले नाहीत. अनुच्छेद २५ मधील एका स्पष्टीकरणानुसार, हिंदूंच्या सार्वजनिक धार्मिक संस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याच्या संदर्भात, हिंदू या शब्दात शीख, जैन आणि बौद्ध येतात. हिंदू विवाह कायदाही बौद्धांना लागू आहे. दुसरीकडे एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या गृहखात्याने परिपत्रक काढून सांगितले की तेथील धर्मस्वातंत्र्य कायद्यापुरता बौद्ध धर्म वेगळा आहे आणि हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात यायचे असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी. धर्म वेगळा मानला गेला म्हणून काहींनी त्याचे स्वागत केले. मला मात्र विचारावेसे वाटते, लग्नाच्या वेळी आम्ही हिंदूंत, आणि दीक्षा घेताना परके. ही सोय कोणाची? सद्सद्विवेकबुद्धीला अर्ज कशासाठी करावा लागतो? १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश आणि ओरिसाचे धर्मांतरविषयक कायदे वैध ठरवताना धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असे म्हटले. परंतु स्वतःचा धर्म स्वतः निवडण्याचा हक्क हा त्याहून निराळा प्रश्न आहे. तो न्यायालयापुढे नीट मांडणारे वकील हवेत, आणि ते आपल्यातूनही हवेत.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. धर्मस्वातंत्र्याचा वकील केवळ स्वतःच्या धर्माचा वकील असून चालत नाही. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती किंवा मुसलमान झालेली माणसे अजूनही १९५० च्या आदेशाबाहेर आहेत. १९९० पर्यंत आपण ज्या दाराबाहेर उभे होतो, त्याच दाराबाहेर ती आहेत. आपल्या वाट्यात वाटेकरी वाढतील, अशी भीती आपल्यापैकी अनेकांना वाटते, आणि ती निराधार म्हणून झटकून टाकता येणार नाही. जागा मोजक्याच आहेत. पण त्यावरचा उपाय जागा वाढवण्याची मागणी हा आहे, दार लावून घेणे हा नव्हे. श्रद्धा बदलल्याने जातीचा चटका विझत नाही, हे आपण अनुभवाने जाणतो. तेच दुसऱ्याच्या बाबतीत नाकारायचे, तर मैत्री हा शब्द वंदनेपुरताच उरेल. १९८६ चा केरळचा एक निकाल प्रत्येक शाळेत वाचला जावा. राष्ट्रगीताच्या वेळी तीन भावंडे आदराने उभी राहत, पण आपल्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेमुळे ती गात नसत. म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने त्यांना परत घ्यायला लावले आणि सहिष्णुता ही आपल्या परंपरेची व संविधानाची शिकवण असल्याची आठवण दिली. बहुमताला न पटणारी श्रद्धासुद्धा राखणे, हीच धर्मस्वातंत्र्याची खरी कसोटी. फत्तेखानाने जमीन दिली तेव्हा त्याने आपल्याला आपला धर्म विचारला नव्हता.

आणि या वकिलीचे मैदान फक्त दिल्ली-मुंबईत नाही. ते तालुक्याच्या न्यायालयात आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, २०१५ च्या दुरुस्तीने पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षणाचे व सुनावणीत आपले म्हणणे मांडण्याचे हक्क मिळाले आहेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना व बालकांना मोफत वकील मिळू शकतो. पण फिर्याद लिहिताना कोणते शब्द राहून गेले, जबाब कोणत्या दिवशी नोंदला, साक्षीदार कोणाच्या दडपणाखाली फिरला, हे पाहणारे डोळे जागेवर नसतील तर कायदा पुस्तकातच झोपतो. विहाराच्या जागेचा सातबारा, मिरवणुकीची परवानगी, स्मशानभूमीची वाट, जात पडताळणीत अडकलेला मुलीचा प्रवेश, हे आपल्या समाजाचे रोजचे मानवी हक्कांचे प्रश्न आहेत. त्यांना मोर्चा लागतो तसा वकालतनामाही लागतो.

मग मुले या वाटेला का जात नाहीत? क्षमता नाही म्हणून नव्हे. अमरावतीच्या बौद्ध कुटुंबातून आलेले भूषण गवई मे २०२५ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले; या पदावर बसलेले ते पहिले बौद्ध. अडचण मधल्या पायरीवर आहे. कायद्याची पदवी घेतल्यावर पहिली काही वर्षे ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी करावी लागते आणि त्या काळात हाती जवळजवळ काही पडत नाही. ज्याचा बाप किंवा मामा वकील आहे, तो तग धरतो. शेतमजुराचा मुलगा दुसऱ्या वर्षी कुठल्यातरी नोकरीची जाहिरात शोधू लागतो. गुणवत्ता असूनही आपली मुले येथे गळतात.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, आठवीपासून वरच्या वर्गांत महिन्यातून एक तास संविधान आणि न्यायालयीन निकालांचा असावा. चवदार तळ्याचा निकाल मुलांनी धड्यात वाचू नये, वादी आणि प्रतिवादी होऊन वर्गात चालवावा. दुसरी, बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षांची माहिती व तयारी वसतिगृहातच व्हावी. मुलींना त्यात आवर्जून पुढे करावे. कारण पीडितेचे दुःख ऐकून घ्यायला तालुक्याच्या न्यायालयात स्त्री वकील मिळणे आजही सोपे नाही. तिसरी आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी, माजी विद्यार्थ्यांनी मिळून उमेदवारी निधी उभारावा. विधी पदवीधर झालेल्या आपल्या दोन विद्यार्थ्यांना दर वर्षी, तीन वर्षे, जगण्यापुरते मानधन द्यावे. अट एकच: त्या काळात त्यांनी तालुका किंवा जिल्हा न्यायालयात गरिबांची कामे करावीत, मग तो गरीब कोणत्याही धर्माचा असो.

दान ही पारमिता आहे. आपण विहाराला दान देतो, भिक्खू संघाला चीवरदान करतो, १४ एप्रिलला भोजनदान करतो. हे सारे उचितच आहे. त्याच्याबरोबर एका होतकरू वकिलाची तीन वर्षे हेही दान मानावे, इतकेच माझे सांगणे. १९२३ साली एका पारशी मित्राने एका अस्पृश्य बॅरिस्टरच्या सनदेसाठी पैसे दिले. त्या पैशांचे काय मोल झाले, हे आपण आज ज्या देशात राहतो त्याच्या संविधानावरून मोजता येते. आपल्यातला प्रत्येक जण बाबासाहेब होऊ शकणार नाही. नवल भथेना मात्र आपल्यापैकी पुष्कळांना होता येईल.